पिवळी पाटी, बसलेलं इंजिन आणि माझा चुकलेला सल्ला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात, भावकीत कुणाची पिकअप, टेम्पो किंवा रिक्षा असेल तर शेवटपर्यंत वाचा. यात थोडा इतिहास आहे, थोडा कायदा आहे आणि माझी एक चूक आहे. चूक आधी सांगतो.

नोव्हेंबर २०२२. रात्री साडेदहाच्या सुमारास चुलतभावाचा फोन आला. "दादा, गाडी बसली." नगर-कल्याण रस्त्यावर टाकळी ढोकेश्वरच्या पुढे तो कडेला उभा होता. मागे तीस गोण्या कांदा, वाशीचं मार्केट पहाटे गाठायचं होतं. मीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला, त्याने गाडी बाजूला घेईपर्यंत आतून ठोका आला आणि इंजिन जाम झालं. परत सेल मारला तर हूं की चूं नाही.

गाडी सेकंड हँड. दोन गायी विकून आणि पतसंस्थेचं कर्ज काढून आदल्या वर्षी एका खासगी मालकाकडून घेतलेली. चालवतो स्वतःच. भरायला-उतरवायला धाकटा भाऊ सोबत असतो. बरोबर सोळा दिवसांपूर्वी ही गाडी कंपनीच्या अधिकृत डीलरच्या वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन आली होती. पाणी कमी होत होतं, खालून ऑइल गळत होतं. त्यांनी हेड गॅस्केट बदललं, खालचा ऑइल चेंबर खोलून परत बसवला, एक्केचाळीस हजाराचं बिल लावलं. गावातल्या मिस्त्रीकडे न नेता डीलरकडे नेली ती "काम खात्रीचं होईल" म्हणून.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून सुप्याजवळच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने चेंबर खोलला आणि ऑइल पंपाची जाळी दाखवली. जाळीवर सिलिकॉनच्या पेस्टचे तुकडे चिकटले होते, जवळजवळ सगळी जाळी बंद. चेंबर बसवताना पेस्ट जास्त लागली की ती कडेने आत दबते, सुकते, तुटते आणि ऑइलबरोबर फिरत जाळीवर येऊन बसते. मग पंपाला ऑइल ओढता येत नाही. क्रँक आणि बेअरिंगच्या मध्ये ऑइलचा जो केसाहून बारीक थर असतो, त्याच्यावरच इंजिन तरंगत असतं. तो थर गेला की लोखंडावर लोखंड घासतं आणि चार-दोन मिनिटांत खेळ खलास.

डीलरकडे गेलो. उत्तर ठरलेलं होतं. "गाडी जुनी आहे, आधीच्या मालकाने काय केलं आम्हाला काय माहीत? आणि लाल दिवा लागल्यावर चालवली कशाला?"

भावाने विचारलं, "दादा, ग्राहक मंचात टाकू का?"

आणि मी, वीस वर्षं पत्रकारिता केलेला, कोर्टाच्या बातम्या लिहिणारा माणूस, बसल्या जागी म्हणालो, "अरे पिवळी पाटी आहे. कमर्शियल गाडी. ग्राहक मंच घरगुती वस्तूंसाठी असतो. नाही चालणार."

त्याने माझं ऐकलं. अजून एक कर्ज काढलं, इंजिन बाहेर बांधून घेतलं, घासलेली बेअरिंगं भंगारात गेली. विषय संपला.

संपला नव्हता. मार्च २०२५ मध्ये जागतिक ग्राहक दिनासाठी लेख लिहायला घेतला आणि जुने निकाल चाळताना कळलं की मी सांगितलं ते चूक होतं. चूक म्हणजे तीस वर्षं जुनी चूक. सर्वोच्च न्यायालयाने माझ्या भावासारख्या माणसाचं उदाहरण देऊन हा प्रश्न १९९५ सालीच सोडवून ठेवला होता.

तो तिथपर्यंत कसा पोहोचला, ते आता सांगतो.

आपल्याकडे दुरुस्तीचा धंदा जुना. बैलगाडीचं चाक सुताराने करायचं, धाव लोहाराने बसवायची. बलुतं सुगीला. चाक महिनाभरात मोडलं तर शेतकरी कुठल्या कोर्टात जात नव्हता, सुताराच्या दारात जात होता. सुतार गावातच राहायचा, पुढचं बलुतं त्याच खळ्यावरून न्यायचा, त्यामुळे त्याला तोंड लपवता येत नव्हतं. ही व्यवस्था काही न्यायाची नव्हती. बलुतेदाराची पिळवणूक त्यात भरपूर होती, जात तर पावलोपावली होती. पण वस्तू कुणी दुरुस्त केली आणि बिघडली तर कुणाला विचारायचं, एवढं तरी स्पष्ट होतं.

इंग्रजांनी हा व्यवहार कागदावर आणला. १८७२ च्या करार कायद्यात एक साधं तत्त्व आहे. तुम्ही तुमची वस्तू कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने तुमच्या वस्तूची घेतली पाहिजे. कलम १५१. म्हणजे वर्कशॉपमध्ये लावलेल्या गाडीला कायद्याचं छत्र दीडशे वर्षांपासून आहे. विकत घेणाऱ्याबाबत मात्र १९३० च्या माल विक्री कायद्याचा मूळ सूर वेगळा होता. घेणाऱ्याने बघून घ्यावं. अपवाद होते, पण सुरुवात तिथून.

आणि हक्क असला तरी मिळवायचा कुठे? दिवाणी कोर्टात. कोर्ट फी भरा, वकील लावा, तारखा मोजा. चाळीस हजाराच्या भांडणासाठी कोण जाणार? म्हणून कोणी जात नव्हतं.

आता गाडीकडे वळू, कारण या गोष्टीत नगरचाही वाटा आहे.

आपण छोट्या मालगाडीला सरसकट "टेम्पो" म्हणतो. हा मराठी शब्द नाही हे आपण विसरूनही गेलोय. टेम्पो हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. त्या कंपनीशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली, ती नवलमल फिरोदियांच्या पुढाकाराने. फिरोदिया नगरचे. वडील कुंदनमल फिरोदिया नगरचे नामांकित वकील, स्वातंत्र्यचळवळीतले, मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्याच घराण्यातल्या कायनेटिकची लूना आपल्या वडिलांनी चालवली, कारखाना नगर-दौंड रस्त्यावर. लष्कराच्या गाड्यांची चाचणी करणारी व्हीआरडीई नगरलाच, रणगाड्यांचं संग्रहालय नगरलाच. थोडक्यात, इंजिनाशी आपलं नातं जुनं आहे.

तीनचाकी टेम्पोने काय केलं? मालकाला ड्रायव्हर केलं. ट्रक घ्यायला शेठ लागायचा. टेम्पो घ्यायला एक कष्टाळू माणूस आणि एक बँक पुरायची. गाडी त्याची, स्टिअरिंग त्याच्या हातात, हप्ता त्याच्या डोक्यावर. आज नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या कांदा मार्केटला लिलावाच्या दिवशी जाऊन बघा, पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. त्यातला बराचसा माणूस हाच आहे. स्वतःच शेतकरी, स्वतःच ड्रायव्हर.

प्रश्न असा होता की कायद्याच्या डोळ्यांनी हा माणूस कोण? व्यापारी की ग्राहक?

ग्राहक हा शब्द आपल्याकडे चळवळ म्हणून आला तो १९७४ साली, पुण्यात. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचे, महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा, आपसात वाटून घ्यायचा. महागाई आणि भेसळीला उत्तर म्हणून निघालेला हा उद्योग. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, या कामात होते हे अनेकांना माहीत नसतं. विकणारा संघटित असतो, घेणारा एकटा असतो, तेव्हा घेणाऱ्यानेही एकत्र यावं, एवढाच विचार.

१९८५ साली संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. आणि २४ डिसेंबर १९८६ ला भारताचा ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणून २४ डिसेंबर राष्ट्रीय ग्राहक दिन. जिल्ह्या-जिल्ह्यात मंच, साधी पद्धत, वकील सक्तीचा नाही. वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी, दोन्हींची तक्रार करता येणार. गाडी विकणं ही वस्तू, दुरुस्त करणं ही सेवा.

पण कायद्यात एक दार बंद होतं. पुन्हा विकायला किंवा व्यापारी कामासाठी वस्तू घेतली असेल तर तुम्ही ग्राहक नाही. हेतू बरा होता. मोठ्या कंपन्यांनी आपसातली भांडणं या गरिबाच्या कोर्टात आणू नयेत. पण त्या दारात रिक्षावाला, शिवणयंत्रवाली, लेथवाला, टेम्पोवाला असे सगळेच अडकायला लागले. समोरच्या वकिलाने एवढंच म्हणायचं, "हा यावर पैसे कमावतो." झालं.

१९९३ साली संसदेने कायद्यात एक स्पष्टीकरण घातलं. स्वतःच्या रोजगारातून, केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन वापरली असेल तर तो व्यापारी हेतू धरायचा नाही. एक वाक्य. पण त्याचा अर्थ काय, हे ठरायला एक खटला लागला, आणि तो आपल्या महाराष्ट्रातूनच गेला.

लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स. लघुउद्योग म्हणून नोंदलेला, कर्ज काढून उभा केलेला एकट्या मालकाचा धंदा. १९९० साली त्यांनी कोइमतूरच्या पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडे एक संगणकीय टर्निंग मशीन मागवलं. मशीन उशिरा आलं, आलं ते सदोष निघालं. महाराष्ट्र राज्य आयोगाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २ लाख ४८ हजार देण्याचा आदेश झाला. राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला. म्हणाले, हा व्यापारी हेतू. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ एप्रिल १९९५ ला न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांनी निकाल दिला.

लक्ष्मी इंजिनिअरिंग हरली. मशीनचा प्रकार, किंमत, धंद्याचं स्वरूप बघता हे पोटापुरतं काम नाही, असं न्यायालयाला वाटलं.

पण त्या हरलेल्या खटल्याच्या निकालात न्यायालयाने जे समजावून सांगितलं ते माझ्या भावासारख्यांना पुढे कायमचं उपयोगी पडलं. न्यायालयाने म्हटलं, टाइपरायटर घेऊन स्वतः टायपिंग करून पोट भरणारा ग्राहक आहे. रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक आहे. ट्रक घेऊन स्वतः भाड्याने माल वाहणारा ग्राहक आहे. लेथ घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. मात्र गाडी घेऊन ती फक्त दुसऱ्याच्या हातून चालवून घेणारा यात बसत नाही.

पाटीचा रंग विचारलेला नाही. स्टिअरिंगवर कोण बसतं आणि घर कशावर चालतं, ते विचारलंय.

हे वाचताना मला माझाच फोनवरचा आवाज आठवला. "पिवळी पाटी आहे. नाही चालणार." डीलरच्या वकिलाने जे म्हणायचं ते मी आधीच म्हणून टाकलं होतं, तेही फुकटात आणि घरच्या माणसाला.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९८६ साली जिल्हा मंचाची मर्यादा १ लाख होती, १९९३ साली ५ लाख झाली, २००२ च्या दुरुस्तीने २० लाख. त्याच दुरुस्तीने व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवाही कायद्याबाहेर गेल्या, पण स्वयंरोजगारवाल्यासाठीचा अपवाद ठेवून. २००६ साली मारुतीच्या एका गाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देणं असेल तर तेवढंच, सरसकट नवी गाडी मागता येणार नाही. म्हणून मागणी मापात करावी. मग २०१९ चा नवा कायदा आला, २० जुलै २०२० पासून लागू झाला. मंचाचं नाव आयोग झालं. आता आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, डीलरचं ऑफिस कुठेही असो. रक्कम मोजतात ती आपण दिलेल्या पैशावरून, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

सेकंड हँड गाडीबद्दलही एक बदल झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घेणं आलं. गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी त्याची. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला याचा उपयोग नाही. माझ्या भावाने तशीच घेतली होती. पण त्याची तक्रार गाडी विकणाऱ्यावर नव्हतीच. तक्रार दुरुस्तीवर होती. गाडी कितव्या हाताची आहे याने चेंबरला किती पेस्ट लावायची ते बदलत नाही.

आता अडचणीचं बोलू. कायदा बाजूने असला तरी शाबित करावं लागतं. अशा तक्रारी बहुतेक एकाच ठिकाणी अडतात. इंजिन बिघडलं हे सगळ्यांना दिसतं, ते दुरुस्तीमुळेच बिघडलं हे कुणी सांगायचं? वस्तूतला दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद १९८६ च्या कायद्यात होती, आजही आहे. तज्ज्ञाचा अहवाल देता येतो. पण त्यासाठी सुटा भाग हातात असावा लागतो. आमच्याकडे जाळी नव्हती, बेअरिंग नव्हतं. होते ते मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये मोबाइलवर काढलेले चार फोटो, एक्केचाळीस हजाराचं बिल आणि ग्रीसचे डाग पडलेलं जॉब कार्ड. ते जॉब कार्ड टिकलं, कारण भावाच्या बायकोने दुधाच्या हिशोबाच्या वहीत घालून ठेवलं होतं. त्यावर गाडी आत आली तेव्हाचं किलोमीटर रीडिंग आहे आणि "ऑइल चेंबर काढून बसवणे" असं स्पष्ट लिहिलंय.

दुसरी अडचण मोठी आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. आमची नोव्हेंबर २०२४ ला संपली. मी तो निकाल वाचला मार्च २०२५ मध्ये. चार महिने उशीर. पुरेसं कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण ते कारण पटावं लागतं.

आमचं कारण काय? मी.

वकील ओळखीचे आहेत. ते म्हणाले, "पत्रकाराने चुकीचं सांगितलं म्हणून उशीर झाला, हे कारण कितपत टिकेल सांगता येत नाही. पण खरं तेच आहे तर तेच लिहू." एप्रिलमध्ये नगरच्या जिल्हा आयोगात तक्रार आणि विलंब माफीचा अर्ज दिला. अर्जासोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे. आजवर दुसऱ्यांच्या चुका छापल्या. स्वतःची चूक शपथेवर लिहून दिली ती पहिल्यांदा. सही करताना भाऊ शेजारी उभा होता. म्हणाला, "जाऊ दे दादा, एवढं काय." हप्ता तो भरतोय, आणि समजूत माझी घालतोय.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल तो लागेल. प्रकरण आयोगासमोर असल्याने डीलरचं नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारू नका.

तुम्ही एवढं करा. गाडी वर्कशॉपला लावताना जॉब कार्डवर किलोमीटर आणि तक्रार तुमच्यासमोर लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. दुरुस्तीनंतर गाडी बसली तर आधी फोटो काढा, डीलरला लेखी कळवा, आणि त्याचा माणूस येऊन बघेपर्यंत शक्यतो इंजिन खोलू नका. खोलावंच लागलं तर साक्षीदार ठेवा, निकामी भाग पोत्यात बांधून घरी आणा, भंगारवाल्याला देऊ नका. ऑइलचा लाल दिवा लागला की त्याच जागी इंजिन बंद करा, मार्केट गेलं तरी चालेल. आणि दोन वर्षांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि "पिवळी पाटी आहे, चालणार नाही" असं कुणी म्हणालं, मग तो वकील असो, एजंट असो की माझ्यासारखा पत्रकार, तर त्याला १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंगचा निकाल वाचायला सांगा. मी वाचायला तीस वर्षं लावली. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही.